तान्ह्याला पुवाचे फोड : कुठे न्याल, खर्च किती

महिन्याच्या आतल्या बाळाच्या मांडीत किंवा काखेत दोन-चार पुवाचे फोड आले, पण बाळ नीट अंगावर पितंय, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा तपासणीची फी आणि औषध एवढ्यावर भागतं. मात्र फोड दहा किंवा जास्त झाले, मोठं गळू झालं, बेंबीभोवतीची लाली पोटावर सरकू लागली, कातडी भाजल्यासारखी सोलवटली, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तापलं वा गार पडलं, तर भरती करावंच लागतं. जंतू रक्तात शिरायला तान्ह्याच्या अंगात वेळ लागत नाही. बेंबीला तेल-हळद लावून सकाळची वाट पाहण्याइतकं महाग दुसरं काही नाही.

कारण बिल वाढतं ते दिवसांनी. शिरेतून अँटिबायोटिक साधारण सात ते दहा दिवस. रक्तात जंतू निघाले तर दहा ते चौदा. मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले तर तीन आठवडे. खासगीत ‘काचेत ठेवायचा’ रोजचा दर तेवढा सांगतात. औषधं, रक्ताचं कल्चर, डॉक्टरांच्या फेऱ्या, ऑक्सिजन त्यात धरलंय का, हे आपणच विचारायचं आणि अंदाज लेखी घ्यायचा. नवजात अतिदक्षता विभागाच्या खोलीभाड्यावर जीएसटी नसतो. बिलात दिसला तर काढायला लावा.

सरकारी रुग्णालयात हा सगळा खर्च शून्य असायला हवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत उपचार, औषधं, तपासण्या, रक्त मोफत, नेण्या-आणण्याची गाडीसुद्धा. १०२ किंवा १०८ लावा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो, ‘एसएनसीयू’ म्हणून विचारा. अशी बाळं तिथल्या सिस्टर रोज सांभाळतात, त्यामुळे मी तरी आधी तिथेच न्यायला सांगेन. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली, तर अधीक्षकांना गाठा.

जागा नसल्यामुळे खासगीत जावं लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय निवडा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड दाखवा आणि बाळाच्या आजाराला पॅकेज बसतं का विचारा. योजना कॅशलेस आहे, भरलेले पैसे मागून मिळतील या आशेवर राहू नका.

विम्याचं वेगळं. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसी बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात. नोकरीतल्या गटविम्यात पहिल्या दिवसापासून संरक्षण असू शकतं. बाळाचं नाव लगेच चढवून घ्या.