वजन लिहायचे की काढायचे?

तुमच्या शाळेच्या दाखल्यावर तुमची जन्मतारीख लिहिलेली असते. वय मात्र लिहिलेले नसते. असे का बरे? वय ही तर जास्त उपयोगाची गोष्ट आहे! पण थोडा विचार केलात, तर कारण लगेच ध्यानात येईल. जन्मतारीख कधी बदलत नाही, आणि तिच्यावरून वय केव्हाही काढता येते. उलट, आज लिहिलेले वय पुढच्या वर्षी खोटे ठरते. या साध्या गोष्टीत संगणकाच्या वापरातले एक मोठे तत्त्व दडलेले आहे. ते आज एका लोखंडाच्या दुकानात जाऊन समजून घेऊ.

टेंपो का बसला?

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड आणि पुढे चाकण या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे आली आणि त्या वर्कशॉपांना लोखंड पुरवणारी दुकानेही आली. थेरगावात डांगे चौकाच्या बाजूला अशाच एका दुकानात माझा एक जुना विद्यार्थी संगणक सांभाळतो. त्याने सांगितलेली ही हकीकत आहे.

दुकानातल्या प्रत्येक मालाची नोंद संगणकावरील मालसूचीत होती. सळईचा व्यास, तिची लांबी, एका नगाचे वजन, किलोचा भाव असे रकाने होते. सगळे आकडे हाताने भरलेले. एका गोल सळईचा व्यास चुकून २० मिलिमीटर लिहिला गेला होता. प्रत्यक्षात माल २५ मिलिमीटरचा होता. कोणीतरी ती चूक पाहून २० च्या जागी २५ केले. पण शेजारच्या रकान्यातले वजन, १४.८ किलोग्रॅम, तसेच राहिले.

काही दिवसांनी २५ मिलिमीटरच्या, ६ मीटर लांबीच्या ४० सळयांची मागणी आली. संगणकाने हिशेब दिला: ४० गुणिले १४.८ म्हणजे ५९२ किलोग्रॅम. ७५० किलोग्रॅम क्षमतेचा छोटा टेंपो बोलावला. माल चढला आणि टेंपोचे पाटे बसले. चालकाने गाडी वजनकाट्यावर नेली, तेव्हा माल सव्वानऊशे किलोच्या आसपास भरला! अर्धा माल उतरवावा लागला. ते वेळीच लक्षात आले म्हणून बरे. नाहीतर अशा गाडीचा ब्रेक भर रस्त्यात लागला नसता, तर काय झाले असते? शिवाय बिलही ३३३ किलोग्रॅम कमी वजनाचे झाले असते.

"सर, संगणक चुकला," तो म्हणाला. मी म्हटले, "अरे, संगणकाने गुणाकार बरोबर केला. चूक आपली. जे काढायला हवे होते, ते आपण लिहून ठेवले."

मूळ आणि साधित

भौतिकशास्त्रात तुम्ही मूलभूत एकके आणि साधित एकके शिकता. लांबी, वस्तुमान, काल इत्यादी सात राशींची एकके मूलभूत मानतात. क्षेत्रफळ, घनफळ, घनता, वेग यांची एकके त्यांच्यापासून तयार होतात, म्हणून ती साधित. मालसूचीतही तसेच असते. सळईचा व्यास, लांबी आणि ती ज्या धातूची आहे त्याची घनता हे झाले मूळ गुणधर्म. तिचे वजन हा साधित गुणधर्म.

मूळ गुणधर्म माणसाने मोजून किंवा माहिती मिळवून भरायचे. साधित गुणधर्म माणसाने भरायचेच नाहीत. त्या रकान्यात आकड्याऐवजी सूत्र द्यायचे. व्यास बदलला की वजन आपोआप नव्याने निघते. मालसूची सांभाळणाऱ्या आजच्या आज्ञावलींमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय असते. सूत्र एकदाच लिहायचे. ते त्या रकान्यातल्या सगळ्या मालाला लागू होते.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात कशी साठवावी, याची गणिती मांडणी केली. एकच माहिती दोन ठिकाणी साठवली की त्या दोन नोंदींत विसंगती येऊ शकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची 'व्हिजिकॅल्क' ही आज्ञावली ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी बाजारात आली. तिच्या चौकटीत आकडा लिहिता येई, तसे सूत्रही लिहिता येई. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे बदलत.

१६२ चे रहस्य

आता सळईच्या वजनाचे सूत्र तयार करू. लोखंडाच्या दुकानात किंवा बांधकामावर कोणालाही विचारा. तो सांगेल, "व्यासाचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, एका मीटरचे वजन किलोत मिळेल." हा १६२ आला कोठून?

सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे पायचा चौथा भाग गुणिले व्यासाचा वर्ग. पायचा चौथा भाग ०.७८५४ आहे. आता १ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर लांब तारेचे घनफळ किती? १००० घन मिलिमीटर, म्हणजेच १ घन सेंटिमीटर. तेव्हा एक मीटर सळईचे घनफळ ०.७८५४ × व्यासाचा वर्ग इतके घन सेंटिमीटर झाले. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरतात. म्हणून,

एका मीटरचे वजन = ०.७८५४ × ७.८५ × व्यासाचा वर्ग = ६.१६५ × व्यासाचा वर्ग (ग्रॅम)

हे किलोग्रॅममध्ये आणण्यासाठी १००० ने भागायचे. ६.१६५ ने गुणून १००० ने भागणे म्हणजे सुमारे १६२.२ ने भागणे. हाच आपला १६२! (येथे ०.७८५४ आणि ७.८५ हे आकडे सारखे दिसतात, तो निव्वळ योगायोग आहे. पहिला आकडा वर्तुळातून आला, दुसरा पोलादातून.)

म्हणजे १६२ या एका आकड्यात तीन गोष्टी लपलेल्या आहेत: आकार गोल आहे, धातू पोलाद आहे, आणि व्यास मिलिमीटरमध्ये आहे. यांपैकी एक जरी बदलली, तरी १६२ चालणार नाही. ६ मीटर लांबीची २० मिलिमीटर व्यासाची सळई पोलादाची असेल तर १४.८ किलोग्रॅम भरेल. तीच ॲल्युमिनियमची असेल, तर घनता २.७ असल्यामुळे सुमारे ५.१ किलोग्रॅमच भरेल. मालसूचीत सगळीकडे १६२ लिहून टाकला, तर ॲल्युमिनियमचे वजन जवळजवळ तिप्पट दिसेल! म्हणून सूत्रात १६२ न घालता त्यातले घटक वेगळे ठेवावेत:

वजन (किलोग्रॅम) = ०.७८५४ × व्यास × व्यास × लांबी × घनता ÷ १०००

येथे व्यास मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये आणि घनता दर घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये आहे. पाइप आणि पट्टी यांच्या छेदाचे क्षेत्रफळ निराळे. तेव्हा सूत्रातच अट घालावी लागते: आकार 'गोल' असेल तर हे, 'पट्टी' असेल तर रुंदी गुणिले जाडी, 'पाइप' असेल तर तिसरे.

सूत्रांची साखळी

एका साधित गुणधर्मावरून दुसरा काढता येतो. वजनाला किलोच्या भावाने गुणले की एका नगाची किंमत मिळते. तीत कर मिळवला की ग्राहकाने द्यायची रक्कम मिळते. अशी साखळी तयार होते. संगणक आधी वजन काढतो, मग किंमत, मग कर. मात्र ही साखळी स्वतःलाच गुंडाळता कामा नये. वजनावरून किंमत काढायची आणि त्याच किमतीवरून वजन काढायचे असे सांगितले, तर सुरुवात कोठून करणार? संगणक अशा वेळी चूक दाखवतो.

कराचा दरही प्रत्येक मालासमोर लिहू नये. एकाच जागी ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ज्या दुकानात दर एकाच जागी होता, तेथे एक आकडा बदलून काम भागण्यासारखे होते.

पण एक अपवाद लक्षात ठेवा. त्या तारखेच्या आधी दिलेले बिल नव्या दराने बदलून चालेल काय? मुळीच नाही. मालसूची ही आजची स्थिती सांगते, तर बिल हे झालेल्या व्यवहाराची नोंद असते. म्हणून बिल करताना त्या दिवशी निघालेला आकडा कायमचा लिहून ठेवावा लागतो.

तीन सावधगिऱ्या

पहिली, एककाची. काही माल इंचात ओळखला जातो, काही मिलिमीटरमध्ये. व्यासाच्या रकान्यात १ इंचासाठी नुसता १ लिहिला, तर सूत्र तो १ मिलिमीटर समजेल आणि वजन सुमारे ६४५ पट कमी येईल. संगणक तक्रार करणार नाही.

दुसरी, रिकाम्या जागेची. 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांत फरक आहे. लांबी भरलीच नसेल, तर वजनही रिकामेच दिसले पाहिजे. ते शून्य दिसले, तर माल फुकट जाईल!

तिसरी, पूर्णांकनाची. ८ मिलिमीटर सळईचे एका मीटरचे वजन ०.३९४६ किलोग्रॅम येते. ते आधीच ०.४ करून १२ मीटरच्या ५०० सळयांचा हिशेब केला, तर २४०० किलोग्रॅम येतात. शेवटी पूर्णांकन केले, तर २३६७ किंवा २३६८. फरक ३२ किलोंहून अधिक! म्हणून आकडा आटोपशीर करायचा तो शेवटच्या पायरीवर.

सूत्र म्हणजे मोजमाप नव्हे

इतके सगळे केले, तरी सूत्राने काढलेले वजन आणि काट्यावरचे वजन तंतोतंत जुळत नाही. सळई रोलिंग मिलमधून येताना व्यासात किंचित कमीजास्त होतेच. काँक्रीटमध्ये घालण्याच्या सळयांसाठी असलेल्या आयएस १७८६ या भारतीय मानकात ही तफावत किती चालेल, हे ठरवून दिले आहे. प्रत्येक मीटरच्या वजनात १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईला ७ टक्के, त्यापुढे १६ मिलिमीटरपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के कमीजास्त चालते.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्याला दोन रकाने ठेवायला सांगितले: एक 'काढलेले वजन', दुसरा 'काट्यावरचे वजन'. एकाने दुसरे पुसायचे नाही. दोन्हींत वरील मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर माल किंवा नोंद यांपैकी काहीतरी तपासायला हवे. प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो? सूत्रावरून अपेक्षा ठरवतो, प्रयोगाने ती तपासतो आणि फरक पडला की कारण शोधतो. ४० सळयांच्या त्या नोंदीत असे दोन रकाने असते, तर माल आल्या दिवशीच चूक सापडली असती.

करून पहा

१. तुमच्या वर्गाच्या गुणपत्रकात विषयवार गुण, एकूण गुण, टक्केवारी आणि श्रेणी असते. यांतले मूळ गुणधर्म कोणते, साधित कोणते? सूत्रांची साखळी काढा.

२. पाइपच्या छेदाचे क्षेत्रफळ = पाय × (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी. हे सूत्र दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांच्या वजाबाकीतून सिद्ध करा. मग बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर आणि लांबी ६ मीटर असलेल्या पोलादी पाइपचे वजन काढा. (उत्तर: सुमारे २०.९ किलोग्रॅम)

३. घराजवळच्या बांधकामावरून १२ मिलिमीटर सळईचा एक तुकडा विचारून घ्या. लांबी मोजा, सूत्राने वजन काढा आणि मग तो तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. फरक किती टक्के आला? तो ५ टक्क्यांच्या आत आहे काय? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात गट पाडून करून घेतल्यास सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडून चर्चा करता येईल.