आधी भोकं, मग टाके

अगं, ब्लाउजवर नक्षीचा छाप पसरतोय म्हणून तू नीळ बदललीस, बोळा बदललास. पण ट्रेसिंगचा टोचलेला कागद एकदा उजेडाला धरून बघितलास का? भोकं कुठे दाट, कुठे विरळ, मधेच सुई तिरकी गेलेली. क्लासमध्ये आरीचे टाके शिकवतात, मणी लावायला शिकवतात, ट्रेसिंग मात्र घाईघाईत उरकतात. म्हणून तुझ्यासारख्या चांगल्या हाताच्या मुली नेमक्या तिथे अडतात.

नक्षी काढायच्या आधी बटर पेपरवर ब्लाउजची मापं उतरव. गळा, मुंढा, खांदा, शिवणीची रेघ, सगळं. गळ्याची किनार शिवणीपासून पाव इंच तरी आत ठेव, नाहीतर शिवताना मशीनची सुई मण्यांवर आदळते. आणि मोबाइलवरचं डिझाइन प्रिंट काढून तसंच लावत जाऊ नकोस गं. 34 च्या पाठीवर शोभणारा मोर 42 च्या पाठीवर हरवतो.

भोकं पाडताना कागदाखाली गोधडीची जाड घडी हवी. नुसत्या लादीवर सुईचं टोक बोथट होतं आणि भोकही पूर्ण पडत नाही. बारीक सुई घे, तिचं नेढं पेन्सिलीच्या खोडरबरात खुपस, म्हणजे बोटं दुखणार नाहीत. सरळ रेघेत दोन भोकांमध्ये 2 मिलिमीटर चालतं, वळणावर 1 मिलिमीटर. कोयरीच्या शेंड्यावर, पानाच्या टोकावर मात्र भोक नेमकं पडायलाच हवं. आधी ते पाड, मग दोन्ही बाजूंनी खाली ये. भरणीच्या रेघा टोचूच नकोस. तिथे तुझी नजर पुरेशी आहे, आणि फार जवळ टोचलं की कागद फाटतो.

सुई उभी ठेव म्हणून मी एवढी का मागे लागते, सांगते. तमिळनाडूत नागरकोइलला एकोणिसाव्या शतकात मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी बायकांना बॉबिन लेस शिकवली. त्या लेसमध्ये टोचलेला जाड कागद उशीवर बसवतात आणि एकेका भोकात टाचणी उभी करून तिच्याभोवती दोरे फिरवतात. भोक सरकलं की जाळीचं घरच वाकडं होतं. आपल्या आरीकामात भोकातून फक्त रंग उतरतो, त्यामुळे चूक लगेच दिसत नाही. सगळे मणी लागल्यावर दिसते.

दोन्ही बाह्यांवरचे मोर समोरासमोर यावेत म्हणून तू कागद दुमडून एकदमच टोचतेस, ते बरोबरच आहे. पण घडी उघडल्यावर एका अर्ध्यात भोकांचे काठ वर आलेले असतात, दुसऱ्यात खाली. बोट फिरव, खरखर लागेल. ती झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून काढ. तुझी एक बाही ठळक आणि दुसरी पुसट उमटते ना, ती बहुतेक यामुळेच.

छापताना गडद कापडाला झिंक पावडर, फिक्याला नीळ, दोन्ही रॉकेलमध्ये कालवून. बोळा पिळून जवळजवळ कोरडा कर. रॉकेल उडून जातं, रेघ राहते. ओल्या बोळ्यातला रंग मात्र कागदाखाली शिरतो. गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या कापडावर थेट हात घालू नकोस, आधी कापडाच्या कोपऱ्यावर, शिवणीत जाईल अशा जागी बघ. काशीमीऱ्यातल्या तुझ्या एका खोलीच्या घरात शेगडी आणि काम शेजारीशेजारी आहे, याची मला काळजी वाटते. गॅस बंद, खिडकी उघडी, मगच बाटली उघड. रॉकेल मिळालं नाही म्हणून पेट्रोल तर घरात आणूच नकोस. त्यापेक्षा खडूची पूड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून भोकांवर थापट आणि उमटलेली रेघ लगेच पेन्सिलीने पक्की कर. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

आणि पैशांचं. भुलेश्वरहून आणलेल्या मण्यांचा हिशेब तू बिनचूक लावतेस, टाक्यांची मजुरी लावतेस, ट्रेसिंग मात्र फुकट करून देतेस. मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांत याला खाका म्हणतात. तो करणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याची मजुरीही वेगळी. तुझी अख्खी दुपार त्यात जाते, तेव्हा ती बिलात वेगळ्या ओळीत लिही. कुणी विचारलं तर टोचलेला कागद उजेडात धरून दाखव.

छापून झालं की कागद पुसून, वाळवून गुंडाळी करून ठेव, घडी घालू नकोस. कडेला माप लिही. शनिवारी ये, माझ्याकडची दोन जुनी ट्रेसिंग देते. जुन्या चादरीवर छापून बघ आणि दोन्ही बाह्या मला आणून दाखव.