मीटरच्या आधी हवा

पेट्रोल पंपाचे मीटर घनफळ मोजते. आतले पिस्टन डिझेलने ढकलले की हवेने, हे त्याला कळत नाही. त्यामुळे इंधनातली हवा मीटरच्या आधीच काढावी लागते. धाराशिवच्या आयटीआयचा एक विद्यार्थी आणि पंपदुरुस्तीत मुरलेले आप्पा यांचा हा संवाद त्याविषयी आहे.

विद्यार्थी : बंद नळीत हवा शिरते कशी?

आप्पा : टाकीतली पातळी फार उतरली की ओढनळीचे तोंड उघडे पडते. सांधा ढिला असला तरी शिरते. ओढीच्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथून इंधन गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. सांधा वरून कोरडा, म्हणून दोष दिसत नाही. विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गळला की नळीतले पाणी उतरते ना? इथेही झडप गळली तर रात्रीतून इंधन टाकीत परत जाते.

विद्यार्थी : म्हणजे सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला हवाच विकली जाते?

आप्पा : घाई करू नकोस. पंप आणि मीटर यांच्यामध्ये हवा वेगळी करणारी कोठी असते. इंधन तिच्यात कडेने शिरून गोल फिरते. जड इंधन भिंतीकडे जाते. हलके बुडबुडे मधोमध जमतात आणि बारीक छिद्रातून थोड्या इंधनासह शेजारच्या कोठीत जातात. तिथली हवा वेंट पाइपने बाहेर पडते. इंधन साचले की फ्लोट वर येतो, झडप उघडते आणि ते पुन्हा ओढीच्या बाजूला जाते.

विद्यार्थी : तरी थोडी हवा राहिली, तर पैसे गिऱ्हाइकाचेच ना?

आप्पा : हो. कोठीलाही मर्यादा आहे. फ्लोट अडकला किंवा वेंट बुजला, तर हवा मीटरमध्ये जाते. वेंटच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केले, तरी तेवढे पुरते. नव्या पोरांना कार्ड स्वाइप करायला शिकवतात, वेंट आणि गाळणी बघायला कुणी शिकवत नाही. याचा मला राग येतो.

विद्यार्थी : टाकीतच पंप बुडवला तर?

आप्पा : मग नळीत दाब राहतो. ढिल्या सांध्यातून हवा आत येण्याऐवजी इंधन बाहेर येते, आणि दोष दिसतो. मे महिन्याच्या उन्हात ओढीच्या नळीत पेट्रोलची वाफ होण्याचा त्रासही कमी होतो.

विद्यार्थी : सोलापूरजवळ पाकणीला टँकर भरतात, तिथे?

आप्पा : तत्त्व तेच. घनफळाच्या मीटरआधी गाळणी आणि हवा काढणारे भांडे लागते. वस्तुमान मोजणाऱ्या मीटरची थरथरती नळीसुद्धा बुडबुड्यांनी बिघडते.

विद्यार्थी : पण गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? शून्यानंतर आकडा उडी मारतो, ती हवा?

आप्पा : पुन्हा तेच! उडीवरून निदान होत नाही, ते मापावरून होते. वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा असलेले ५ लिटरचे माप पंपावर असते, ते मागावे. आधी इंधनाने ओले करून निथळावे, मग भरावे. डिझेलचा फेस बसेपर्यंत थांबावे. तूट २५ मिलिलिटरच्या पुढे गेली तर विभागाकडे तक्रार करावी. मापून झालेले इंधन टाकीत परत ओततात, त्याचे पैसे पडत नाहीत. शंका आली की माप मागावे, तो ग्राहकाचा हक्क आहे.