डाळिंबाचा तेल्या: कोणता उपाय किती कामाचा?



कळवण आणि बागलाण भागातील आदिवासी पाड्यांवर आम्ही शेतीवर्ग घेतो. तेथे सर्वांत जास्त प्रश्न येतात ते डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी. म्हणून या अंकात तोच धडा देत आहे.

तेल्या हा बुरशीचा नव्हे, जिवाणूचा रोग आहे. पानांवर तेलकट ठिपके येतात व पुढे काळे पडतात. फळावर डाग येऊन ते एल किंवा वाय आकारात तडकते. खोडावर आला तर फांदी डागापाशीच मोडते. आतले दाणे चांगले असले तरी डागी फळाला व्यापारी भाव देत नाही. उसनवारीवर उभी केलेली बाग अशाने एका पावसाळ्यात हातची जाते.

पहिला उपाय जुनाच, बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी ते १८८५ च्या सुमारास पुढे आले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत भिजवावे आणि मग एकत्र करावे. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ते स्वस्त आहे, घरी बनते. पण पानाच्या वर राहून रक्षण करते, आत शिरलेल्या जिवाणूला मारत नाही. म्हणून छाटणीनंतर लगेच फवारावे. डाग दिसल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही.

दुसरा उपाय प्रतिजैविकाचा. स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांची पूड ताम्रयुक्त औषधासोबत फवारण्याची पद्धत बरीच वर्षे चालली. सुरुवातीला गुण दिसतो. मात्र तेच तेच औषध मिळत राहिले की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. अमेरिकेत सफरचंद व नाशपातीच्या बागांत हे घडून गेले आहे. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगाचेही औषध आहे, आणि आपल्या पाड्यांवर क्षयाचे रुग्ण आहेत हे आपण जाणता. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील या औषधांचा वापर थांबवण्याचा मसुदा काढला. दुकानदार कितीही आग्रह करो, मी वर्गात ही पूड सुचवत नाही.

तिसरा उपाय बाटलीत मिळत नाही, तो बहार बदलण्याचा आहे. मृग बहाराची फळे पावसाळ्याच्या दमट हवेत वाढतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर जिवाणू झाडभर उडतो. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात धरला तर फळे कोरड्या, थंड दिवसांत वाढतात आणि तेल्या पुष्कळ कमी राहतो. तुलनेत मला हाच उपाय सर्वांत वरचढ वाटतो. अडचण आहे ती पाण्याची. मृग बहार पावसावर निघतो. हस्त बहाराला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत विहीर पुरावी लागते. एका ताईंनी वर्गात सरळ विचारले, "गुरुजी, विहीर जानेवारीत आटते, मग बहार कोणता धरू?" त्यांना मी आहे त्या पाण्यावर निम्मीच झाडे हस्त बहारासाठी ठेवायला सांगितले. शेततळे झाल्याशिवाय याहून बरे उत्तर माझ्यापाशी नाही. आपल्या देणगीतून शेततळ्यांसाठी प्लॅस्टिकचा कागद का मागितला जातो, तो यासाठी.

राहिली स्वच्छता. तिला पैसा लागत नाही, घाम लागतो. गळलेली पाने व रोगट फळे वेचून जाळावीत. बहारानंतर झाडांना तीन-चार महिने विश्रांती द्यावी. पाड्यावर छाटणीची एक कात्री दहा घरांत फिरते आणि रोगही तिच्याबरोबर फिरतो. म्हणून प्रत्येक झाडानंतर ती सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवावी. नव्या लागवडीसाठी गुटी आणायची तर रोग नसलेल्या बागेतूनच आणावी, शेजाऱ्याने फुकट देऊ केली तरीही.