लष्करप्रमुख : अधिकार, कर्तव्य आणि मर्यादा

३० एप्रिल २०२२ रोजी नवी दिल्लीत जनरल मनोज मुकुंद नरवणे यांनी भारतीय भूदलाच्या प्रमुखपदाची सूत्रे जनरल मनोज पांडे यांच्या स्वाधीन केली. नरवणे हे पुण्याचे, ज्ञानप्रबोधिनी प्रशालेचे विद्यार्थी, पांडे नागपूरचे. दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले. एका महाराष्ट्रीय सेनानीने दुसऱ्या महाराष्ट्रीय सेनानीकडे हे पद सोपवावे, ही घटना महाराष्ट्राला भूषणावह वाटली यात नवल नाही. परंतु लष्करप्रमुख नेमके काय करतात, असा प्रश्न एखाद्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत विचारला, तर 'ते सैन्याचे सेनापती होत' एवढेच उत्तर बहुधा मिळते. ते अपुरे आहे. लोकशाही राज्यात शस्त्रधारी दलावर अंतिम हुकमत कोणाची, या मूलभूत प्रश्नाला ते स्पर्शच करीत नाही.

हा प्रश्न मराठी मनाला अपरिचित नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधान मंडळात सेनापतीस मानाचे स्थान होते. पण ते मंडळाचा एक सभासद म्हणून, राजाच्या आज्ञेखाली. १६७३ मध्ये उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजर यांनी बहलोलखानास कोंडीत पकडले आणि त्याने गयावया केल्यावर सोडून दिले. महाराजांना हे रुचले नाही. त्यांच्या रोषाची परिणती फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापरावांच्या बलिदानात झाली. या प्रसंगातील शौर्याचे गुणगान आपण करतो, त्यातील राज्यशास्त्राकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. शत्रूला कोंडीत कसे धरावे हा सरनौबतांचा प्रांत होता. धरलेल्या शत्रूला सोडावे की नाही, हा राजाचा.

सरसेनापती ते लष्करप्रमुख

ब्रिटिश अमदानीत भारतातील सरसेनापतीचे स्थान व्हाइसरॉयच्या खालोखाल असे. तो कार्यकारी मंडळाचाही सभासद असे. म्हणजे सल्ला देणारा, निर्णयात भाग घेणारा आणि तो अंमलात आणणारा अधिकारी एकच. लष्करी कारभारावरील ताब्यावरून लॉर्ड कर्झन आणि सरसेनापती किचनेर यांच्यात जो वाद झाला, त्यात १९०५ मध्ये राजीनामा द्यावा लागला तो व्हाइसरॉयला. २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार आले, संरक्षण खाते सरदार बलदेवसिंग यांच्याकडे गेले आणि सरसेनापतीचे मंत्रिमंडळातील आसन कायमचे गेले. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा हे पहिले भारतीय सरसेनापती झाले. हा दिवस दरवर्षी लष्कर दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९५५ मध्ये संसदेने कायदा करून 'सरसेनापती' हे पदनामच बदलले आणि 'लष्करप्रमुख' हे नवे नाव रूढ झाले. हा बदल केवळ नावापुरता मानणे चूक ठरेल. संविधानाच्या अनुच्छेद ५३ अन्वये संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असते. या मालिकेत दुसरा सरसेनापती असू शकत नाही.

लष्करप्रमुखांची निवड केंद्रीय मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते. पदाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. म्हणूनच नरवणे यांची कारकीर्द दोन वर्षे चार महिन्यांत संपली. पांडे यांना २०२४ मध्ये शासनाने एक महिन्याची मुदतवाढ दिली आणि ३० जून रोजी ते निवृत्त झाले. ज्येष्ठतम अधिकाऱ्यास नेमण्याची प्रथा आहे, नियम नाही. १९८३ मध्ये जनरल अरुणकुमार वैद्य यांची निवड झाली तेव्हा ज्येष्ठ असलेले उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांनी मुदतपूर्व निवृत्ती पत्करली. निवडीचा अधिकार शासनाचाच असला पाहिजे. तथापि प्रथा मोडताना तिचे सबळ कारण असावे, अशी अपेक्षाही गैर म्हणता येणार नाही.

दैनंदिन कार्य

सुमारे १२ लाखांच्या सैन्याचा हा प्रमुख प्रत्यक्ष रणांगणावर हुकूम सोडीत नाही. सैन्याचे सहा कार्यकारी विभाग आहेत आणि प्रशिक्षणासाठी शिमला येथे एक स्वतंत्र विभाग आहे. दक्षिण विभागाचे मुख्यालय पुणे येथे आहे. लढाई चालवावयाची ती विभागाच्या सेनापतींनी आणि त्यांच्या हाताखालील कोअर व डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांनी. लष्करप्रमुखांचे मुख्य काम त्यापूर्वीचे आहे : भरती, प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, दारूगोळा व रसदीचे साठे, बढत्या, शिस्त, युद्धयोजना. यांपैकी बहुतेक गोष्टींचे फळ दिसावयास दहा-दहा वर्षे लागतात. आज मागणी केलेली तोफ बहुधा दोन प्रमुखांनंतरच्या प्रमुखास मिळते. धोरण मात्र शासनाचे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली तरुणांची भरती चार वर्षांसाठी होऊ लागली आणि त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम करण्याची तरतूद झाली. हा निर्णय शासनाचा. तो पलटणीत उतरविण्याची जबाबदारी त्या वेळी पांडे यांच्यावर आली.

१९६५ चा धडा

मुलकी सत्ता व लष्करप्रमुख यांचे नाते कसे असावे, हे समजण्यास १९६५ च्या युद्धाइतके दुसरे बोलके उदाहरण नाही. १९६२ च्या पराभवानंतर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्या पराभवामागे इतर कारणांबरोबर मंत्री व सेनानी यांच्यातील अविश्वासही होता. जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद झाल्यामुळे राजीनामा दिला होता आणि पंडित नेहरूंच्या आग्रहावरून तो परत घेतला होता. चव्हाणांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांशी नियमित भेटीगाठींचा शिरस्ता सुरू केला. सेनानींचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि निर्णय आपण घ्यावा, ही त्यांची रीत.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब विभागात रणगाडे घुसविले. लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी हे हवाई दलप्रमुख अर्जनसिंग यांच्यासह चव्हाणांकडे गेले आणि त्यांनी हवाई दलाची मदत मागितली. विमाने वापरणे म्हणजे संघर्षाची व्याप्ती वाढविणे. तो निर्णय सैनिकी नव्हे, राजकीय होता. चव्हाणांनी तो तत्काळ घेतला आणि त्याच सायंकाळी विमाने झेपावली. कोणती विमाने, कोठून, कोणत्या लक्ष्यावर, याची चर्चा मंत्र्यांनी केली नाही.

याच युद्धात लष्करप्रमुखांच्या अधिकाराची दुसरी मर्यादाही दिसून आली. खेमकरण भागात पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचा जोर वाढला तेव्हा बियास नदीमागे हटण्याची सूचना जनरल चौधरी यांनी केली. पश्चिम विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांनी ती मानली नाही, असे हरबक्षसिंग यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. सैन्य जागेवर राहिले आणि असल उत्तरच्या ओल्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतून बसले. तेथे डेक्कन हॉर्स या रणगाडा पथकाचे नेतृत्व करीत होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. त्यांना महावीरचक्र मिळाले. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईतील कामगिरीबद्दल त्यांना तेच पदक दुसऱ्यांदा देण्यात आले.

जबाबदारीचे ओझे

लष्करप्रमुख म्हणून वैद्य यांच्या वाट्याला आलेला काळ कसोटीचा होता. एप्रिल १९८४ मध्ये सियाचीन हिमनदीवर भारतीय तुकड्या उतरल्या. दोन महिन्यांच्या आत अमृतसरच्या सुवर्णमंदिरात शिरलेल्या सशस्त्र अतिरेक्यांविरुद्ध कारवाई करण्याचा आदेश शासनाने दिला. स्वदेशात, आणि तेही एका पवित्र धर्मस्थानात, सैन्य वापरणे हे कोणत्याही सेनानीच्या वाट्याला येऊ नये असे काम. निर्णय शासनाचा होता आणि तो पार पाडण्याची जबाबदारी वैद्य यांची. शासकीय आकड्यांनुसार सैन्याची ८३ माणसे कामी आली. अनेक निरपराध यात्रेकरूंचाही बळी गेला. त्यानंतर काही शीख सैनिकांनी पलटणी सोडल्या, रामगड येथील केंद्रात बंड झाले. ज्या सैन्यात सर्व धर्मांचे जवान खांद्याला खांदा लावून लढले, त्याचे ऐक्य टिकविणे ही जबाबदारी प्रमुखाची, आणि तिची नोंद पदकांच्या यादीत होत नाही.

वैद्य जानेवारी १९८६ मध्ये निवृत्त होऊन पुण्यास राहावयास आले. १० ऑगस्ट १९८६ रोजी ते स्वतः मोटार चालवीत घरी परतत असता पुणे छावणी भागात अतिरेक्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा खून केला. आदेश पाळल्याची किंमत त्यांना पद सोडल्यावर द्यावी लागली.

१ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांच्या समन्वयासाठी संरक्षण दल प्रमुख हे पद अस्तित्वात आले. त्यामुळे लष्करप्रमुखांचे अधिकार संपुष्टात आले, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. संरक्षण दल प्रमुख हे तिन्ही दलांशी संबंधित बाबींवर संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख सल्लागार होत. दलप्रमुखांवर त्यांची सैनिकी हुकमत चालत नाही. पहिले संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांचे डिसेंबर २०२१ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले, तेव्हा दलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेनुसार नरवणे यांच्याकडे आले.

जिल्हा पातळीवर

मंत्री व लष्करप्रमुख यांच्यातील हीच वाटणी जिल्ह्याच्या कारभारातही उतरलेली आहे. दंगल आवरण्यास पोलीस अपुरे पडले तर सैन्याची मदत मागण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. जमाव पांगवावयाचा की नाही हे जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी ठरवितात. तो कसा पांगवावा हे सैन्याचा अधिकारी ठरवितो. मात्र कमीत कमी बळ वापरण्याचे आणि कमीत कमी इजा करण्याचे बंधन कायद्यानेच त्याच्यावर घातले आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होऊ शकत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात आली असेल, तर राजादिष्ट अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. संपर्क होताच पुढे जावे की थांबावे, हे पुन्हा दंडाधिकारीच सांगतो.

पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीतही मागणी मुलकी प्रशासनाकडूनच जावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात जवानांनी केलेले काम लोकांच्या स्मरणात आहे. नवी मुंबईसारख्या शहरात तर मागणी कोणी करावयाची याचेही भान ठेवावे लागते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. शहर सलग दिसले तरी जिल्हाधिकारी दोन आहेत. विभागीय आयुक्तांचे कोकण भवन बेलापूरला आहे, ही त्यातल्या त्यात सोय. मागणीपत्रात काम कोणते, ठिकाण कोणते आणि अंदाजे कालावधी किती, हे स्पष्ट लिहावे. किती जवान आणि कोणती साधने लागतील याचा निर्णय सैन्यावर सोपवावा. काम आटोपल्यावर तुकड्या परत घेण्याविषयीही मुलकी अधिकाऱ्याने तितक्याच स्पष्टपणे लेखी कळवावे.