९३ टक्के म्हणजे नक्की किती?

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या! विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या आवडीचा आहे, सिनेमा. आणि त्याबरोबर थोडंसं स्टॅटिस्टिक्स. (घाबरू नका, फॉर्म्युले नाहीत.)

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत मामीचा फोन आला. "अगं, चिनू 'इन्क्रेडिबल्स २' बघायचा म्हणून हट्ट धरून बसलाय. कसा आहे गं तो? जरा नेटवर बघून सांग." चिनू म्हणजे माझा मामेभाऊ, वय वर्षं ११. मी लॅपटॉप उघडला, 'रॉटन टोमॅटोज'वर ९३ टक्के दिसले. "मामी, डिस्टिंक्शन आहे! बिनधास्त लाव," असं सांगून मी मोकळी होणार होते. तेवढ्यात मामी म्हणाली, "तसं नाही गं, त्याला फिट्सचा त्रास आहे ना, म्हणून विचारते."

आणि माझी ट्यूब पेटली. त्या ९३ मध्ये मामीच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं!

सिनेमा आणि लोकांची मतं

ब्रॅड बर्डने दिग्दर्शित केलेला पिक्सारचा 'द इन्क्रेडिबल्स' २००४ साली आला. दुसरा भाग यायला तब्बल १४ वर्षं लागली, तो आला जून २०१८ मध्ये. पण गोष्ट मात्र पहिला भाग संपला त्याच क्षणापासून सुरू होते. आई इलॅस्टिगर्ल कामावर जाते आणि बलदंड बाबा तीन मुलं सांभाळत घरी बसतात. जगभरात या सिनेमाने १.२ अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली. हिंदी डबिंगमध्ये इलॅस्टिगर्लचा आवाज आपल्या काजोलचा आहे.

होस्टेलवर विचारलं तर प्रत्येकीचं मत वेगळं. एकीला जॅक-जॅक बाळाची आणि रकूनची मारामारी पाठ आहे. दुसरी म्हणते, व्हिलन कोण ते अर्ध्यातच कळतं, पहिला भागच भारी. तिसरीला मुलाचं गणित सोडवताना मेटाकुटीला आलेले बाबा बघून स्वतःचे बाबा आठवले. आता या सगळ्याचा एकच आकडा कसा करणार?

टक्के की मार्क?

आपण ९३ टक्के वाचतो आणि १०० पैकी ९३ मार्क समजतो. ते चूक आहे. रॉटन टोमॅटोजचा तो आकडा म्हणजे शंभरातल्या किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच. किती आवडला, ते त्यात नाही. प्रेक्षकांचा आकडा तिथे वेगळा दाखवतात.

एक उदाहरण घेऊ. १० जणांनी दोन सिनेमे बघितले. ६ किंवा जास्त मार्क दिले म्हणजे 'आवडला' असं धरू. पहिल्या सिनेमाला सगळ्यांनी ६ दिले. सरासरी ६, आवडलेले १०० टक्के. दुसऱ्याला ७ जणांनी ९ दिले आणि ३ जणांनी २. सरासरी ६.९, पण आवडलेले ७० टक्केच! म्हणजे टक्क्यांमध्ये पहिला जिंकला आणि सरासरीत दुसरा. आकडे दोन्ही खरे, प्रश्न वेगळे.

दुसरी गंमत 'सिनेमास्कोअर'ची. ही अमेरिकन कंपनी सिनेमा लागतो त्या पहिल्या दिवशी थिएटरमध्ये आलेल्या प्रेक्षकांचं मत घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड देते. 'इन्क्रेडिबल्स २'ला ए प्लस मिळाली. पण पहिल्याच दिवशी तिकीट काढून कोण जातं? ज्याला आधीपासून बघायचाच असतो तो. आपल्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल रँडम नाही.

जे मत आकड्यात मावलं नाही

सिनेमातला व्हिलन स्क्रीनस्लेव्हर टीव्हीच्या पडद्यावरून झगमगता प्रकाश सोडून लोकांना संमोहित करतो. आता योगायोग बघा! सिनेमा लागल्याबरोबर अमेरिकेतल्या काही प्रेक्षकांनी सांगायला सुरुवात केली, की यातल्या काही प्रसंगांत प्रकाश इतका भराभर उघडझाप करतो, की फिट्स येणाऱ्यांना आणि मायग्रेनवाल्यांना धोका आहे. ही माणसं कोट्यवधी प्रेक्षकांमध्ये मूठभर. त्यांच्या मताने सरासरी दशांशाच्या तिसऱ्या स्थळीसुद्धा हलली नसती. पण अमेरिकेच्या एपिलेप्सी फाउंडेशनने ते उचलून धरलं, डिस्नेने थिएटरना सूचना लावायला सांगितलं आणि ब्रिटनमध्ये तर ते प्रसंग बदलून मगच सिनेमा लावला.

असं का होतं? फिट्स येणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. सेकंदाला साधारण ५ ते ३० वेळा, म्हणजे ५ ते ३० हर्ट्झ, हा पट्टा सगळ्यात धोक्याचा. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा झगमगला आणि जवळजवळ ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ब्रिटनमध्ये यासाठी 'हार्डिंग टेस्ट' वापरतात. ढोबळ नियम असा, की सेकंदाला ३ पेक्षा जास्त झगमगाट नको.

(कधी असा प्रकाश अचानक समोर आलाच, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागेलच असं नाही.)

शेवटी काय?

आपण इंजिनियर होणार. पूल सरासरी वजनासाठी बांधत नाहीत, जास्तीत जास्त किती वजन येईल ते बघून वर फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतात. मग माणसांच्या मतांच्या बाबतीतच आपण सरासरीवर का थांबतो? मेसचं जेवण असो, कॉलेजचा फीडबॅक फॉर्म असो नाहीतर आपण उद्या बनवणार ते एखादं ॲप, आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात : कोणाला विचारलं? काय विचारलं? आणि कोणाला विचारायचं राहून गेलं?

मामीला मी एवढंच सांगितलं, की नेटवर ठरवू नकोस, डॉक्टरांना विचार. त्यांनी चिनूचे जुने रिपोर्ट बघितले आणि "सध्या नको" म्हणाले. भाऊबीजेला ओवाळायला गेले, तर साहेब गाल फुगवून पाटावर बसलेले. म्हणाला, "ताई, तुला शून्य स्टार!"

हेही मत मी नोंदवून घेतलंय. सरासरी काढणार नाही.