पुडीतलं वजन

अंबाजोगाई

चि. दत्ता यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा नेकनूरच्या बाजारातून आलेला आपला एक माणूस दारातूनच सांगून गेला, "तुमच्या भाच्याची पिलं लई झपाट्यानं भरलीत. खुराकात कसलीशी पुडी टाकतो म्हणं." पिलं भरली ऐकून बरं वाटलं. पुडीचं ऐकलं आणि घास उतरेना. त्या पुडीवर कोलिस्टिन लिहिलंय का, तेवढं आधी कळव.

जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, त्यांच्या खाद्यासाठी ते बनवायला आणि विकायला सरकारनं जुलै २०१९ मध्येच बंदी घातली. विकणारा म्हणेल टॉनिक आहे, जुना माल आहे. म्हणू दे. आत काय आहे ते ज्यावर छापलेलं नाही, ते शेडात आणायचंच कशाला?

अक्काचं, तुझ्या आईचं, आजारपण विसरलास? इथल्याच दवाखान्यात एकामागून एक इंजेक्शनं झाली, ताप हलेना. शेवटी डॉक्टरांनी एक लावलं, आणि दोन दिवसांनी तिनं चहा मागितला. ते हेच औषध, दत्ता. सगळं हरल्यावर माणसासाठी राखून ठेवलेलं. ते तू चिमूटचिमूट डुकरांना चारायचं? एवढ्याशा मात्रेनं आतड्यातले सगळे जंतू मरत नाहीत. उरतात ते त्या औषधाला पुरून उरतात, आणि ती ताकद दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. चीनमध्ये २०१५ साली हे डुकरांतच सापडलं. २०१७ मध्ये त्यांनी वाढीसाठी ते देणं थांबवलं. तुझ्या शेडाचं पाणी उतरतं कुठं? अक्काच्या मेथीच्या वाफ्याकडेच ना?

रागानं लिहितोय, कळतंय मला. बँकेचा हप्ता आहे, अनुदानाची फाइल अडकलीय, आणि दूध तोडलं की पिलं हगवणीनं वाळतात. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जन्म घालवला, मला ते नवं नाही. मला परभणीला जाऊन जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. त्या वर्षी दादांनी ऊसतोडीची उचल घेतली आणि कोयता माझ्या हातात आला. पुढं डॉक्टरसाहेबांच्या मागं पेटी धरून जे कानावर पडलं, तेवढंच माझं शिक्षण. अजून परभणीची गाडी दिसली की पाटी वाचून होते.

तर ऐक. डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी, आणि सिमेंटच्या फरशीवर पिलांना माती उकरायला मिळत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन चुकवायचं नाही. दोन आठवड्यांची झाली की आईजवळ असतानाच थोडं थोडं खाद्य चाटू दे. दूध तोडायची घाई नको, आणि त्याच दिवशी खुराकही बदलू नको. फरशी कोरडी, रात्री ऊब. आतड्याला मदत हवीच असेल तर आम्लं मिळतात, चांगल्या जंतूंची पावडर मिळते; डॉक्टरांना विचारून घे. आणि फाट्यावरच्या हॉटेलांतलं उष्टं आणतोस ते खळखळून उकळल्याशिवाय टाकू नको. २०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीवरनं कळप संपले; त्यावर ना लस होती, ना औषध.

डेन्मार्कनं १९९९ अखेर पिलांच्या खाद्यातूनही वाढीची प्रतिजैविकं काढली. सुरुवातीला हगवण वाढली, हे लपवत नाही. पण धंदा बुडाला नाही. तुझाही बुडणार नाही, चार दिवस उशिरा वजन येईल इतकंच. पुडी मात्र आजच बंद कर. उरलेली नाल्यात ओतू नको, उकिरड्यावर नको. बांधून ठेव, मी बघतो.

हप्त्याला कमी पडलं तर माझ्या पेन्शनीतलं घे. अक्काला कळायचं कारण नाही. आणि मी रागावलो म्हणून फोन उचलायचा बंद करू नकोस; गेल्या वेळी तीन आठवडे उचलला नव्हतास, तेव्हा तुझ्या मामीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. गावात लोक डुकरांवरून तुला काय काय बोलतात तेही ऐकलंय. बोलू दे. घरात पहिलं स्वतःचं शेड तू बांधलंस.

सोमवारच्या लालपरीनं येतोय. फाट्यावर घ्यायला ये, गुडघा चढ धरत नाही. पिलांचं वजन करू, आणि जमलं तर तुझंही. अक्का म्हणते, दुपारचं जेवतच नाहीस.

तुझा मामा